उघड्या स्लाईडसमोर

—नाही, नाही, पंखा नको, त्याचं बटणच मी काढून ठेवलंय. उकडतंय, दिसतंय मला, कपाळावर घाम आलाय तुझ्या, पण या खोलीत पंखा नाही म्हणजे नाही. खिडकीही उघडायची नाही. तू आधी बैस बघू — ती खुर्ची नको, ती डुगडुगते, ही घे — आणि ती डबी ठेव ना खाली, छातीशी काय धरून बसलीयेस, कुणी हिसकावून घेणारे का? पत्र बघितलं मी. संचालकांची सही आहे, शिक्का आहे, सगळं रीतसर आहे. मी कुठे नाही म्हणतेय? स्लाईड देणार आहे. देणारच आहे. ‘तू’ म्हटलेलं चालतंय ना तुला? माझ्या लेकीच्या वयाची असशील. म्हणजे — असो. चहा घेणार? खाली जाऊन घ्यावा लागेल, इथे वाफसुद्धा चालत नाही. राहू दे? बरं, राहू दे.

ती दारामागची पाटी वाचलीस का? ‘स्लाईड उघडी असताना बोलू नये.’ माझंच अक्षर. लोक हसतात त्या पाटीला — या बाईनं लिहावं बोलू नये म्हणून, जिच्या तोंडाला दिवसभर खळ नसतो! हसू देत. पण स्लाईड उघडली की विचार कुणालाही, माझ्या तोंडातून हूं की चूं निघत नाही. का माहितीये? आमचे एक मोठे साहेब होते, देवमाणूस, पण नाक असं की बस्स. एक नवी प्रजाती त्यांनी शोधली होती. मूळ नमुना समोर — तुला काय सांगायचं, तुला माहितीच आहे, ज्या एका दाण्यावरून प्रजातीचं नाव ठेवलं तो दाणा, तोच प्रमाण, जगात त्याच्यासारखा दुसरा मानायचा नाही — आणि स्लाईडच्या खळग्यावरचं काचेचं झाकण उघडं. आणि साहेबांना आली शिंक. झालं! कुणी हलेना. सगळ्यांनी बूट काढले, जमीन ब्रशनं झाडली, केर चाळणीतून चाळला, साहेबांच्या मिशा भिंगाखाली तपासल्या — खोटं नाही सांगत, ते बिचारे मान वर करून बसले होते आणि मी मिशीचा केस न् केस बघत होते. नाही सापडला. त्या प्रजातीला आजही नाव आहे, पण दाखवायला काही नाही. साहेब नंतर कधी त्या टेबलापाशी बसले नाहीत. म्हणून ती पाटी. शिंकायचं नाही, हसायचं नाही, उसासा तर मुळीच टाकायचा नाही. वाळूच्या कणाएवढा तो जीव, तुझ्या एका श्वासानं कुठल्या कुठे जाईल.

घड्याळ बघू नकोस गं. एवढ्या लांबून आलीस ती काय एक डबी घेऊन लगेच पळायला? ये इकडे, कपाट बघ माझं. हा खण ओढ — हळू, हळू! — हं. यांच्यावर काचा आहेत, त्यामुळे बोललं तरी चालतं. लाव डोळा. बघितलंस? ही सगळी फोरॅमिनिफेरा. तू यांच्यातच राहतेस म्हणा, पण तू त्यांना ताटलीत वाढवतेस, नळीत घालतेस, त्यांच्या आतला डीएनए काढून वाचतेस. मी आपली घरं बघणारी. एका पेशीचा जीव, ना डोळा ना हात, नुसता चिकट थेंब, आणि घरं बघ कशी बांधतो! ही डावीकडची, ही वाळूवाली. समुद्राच्या तळाशी बसून एकेक कण उचलायचा आणि चिकटवायचा. त्यातही नखरे केवढे — काही काही तर ठरावीकच कण घेतात, बाकीचे टाकून देतात, भाजी निवडावी तसे. ही पुढची पांढरीशुभ्र, चिनी मातीच्या कपासारखी, आतलं काही दिसू देत नाहीत. आणि ही काचेची. अंगभर भोकं, त्यातून धागे बाहेर काढायचे, खायचं पकडायचं. आणि हा खालचा खण तरंगणाऱ्यांचा. ह्यांना फुगे म्हणते मी. ह्या आयुष्यभर वरच्या पाण्यात असतात, मेल्या की तळाला जातात आणि गाळ होतात. आमच्या घरात भिंतीला लावलेला चुनखडीचा दगड आहे ना — तुला कसं माहीत असणार — त्याच्यात मला ह्या दिसतात. जेवताना सुद्धा दिसतात. सासूबाई म्हणतात, भिंतीकडे काय बघतेस, ताटात बघ.

सांगायचं काय होतं — हं, खोल्या. एकाच खोलीत जन्म काढणारे आहेत. एकापुढे एक सरळ रांगेत बांधणारे आहेत. गोल गोल फिरवत जाणारे, वेणी घातल्यासारखे दोन पदरी, तीन पदरी. वाढलं की नवी खोली बांधायची. जुनी पाडत नाहीत हं, जुनी मागे राहते. आणि सगळ्यांच्या मधे, अगदी पोटात, ती पहिली खोली. जिथे जन्मला ती. बाहेरून दिसत नाही बऱ्याचदा, पण असते. आणि आम्ही काय करायचो? भिंत कशाची, खोल्या कशा, दार कुठे, यावरून ठरवायचं कुळ कुठलं, प्रजाती कुठली. हजारो नावं आहेत. जिवंत असलेल्यांची, नुसत्या दगडात उरलेल्यांची. आख्खी हयात गेली लोकांची त्यात. एकाच्या दाराला दात आहे आणि दुसऱ्याच्या नाही, यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी बघितलीयेत! आणि मग तुम्ही आलात. आतल्या राहणाऱ्यालाच विचारायला लागलात, बाबा तू कुणाचा? आणि निम्मी कुळं उलटीपालटी झाली. सख्खे म्हणून एका खणात ठेवले ते परके निघाले, आणि — आणि उलटंही झालं. चांगलंच आहे ते. मी काही जुन्या वळणाची हट्टी बाई नाही, असं समजू नकोस. खरं ते खरं.

हा खण? हा राहू दे. म्हणजे, बघणारच आहेस तू तो, त्याच्यासाठीच तर आलीयेस. बरं. बघ. ही वरची स्लाईड ह्यांची. माझ्या मिस्टरांची. आम्ही दोघं ह्याच टेबलावर समोरासमोर बसायचो, मायक्रोस्कोपला मायक्रोस्कोप भिडवून. लग्न नवं होतं तेव्हा त्यांना ही सापडली, उथळ पाण्यातली. त्यांनी तिला आपल्या आईचं नाव दिलं. मला नाही दिलं, आईचं दिलं! मी चिडले होते, लपवायचं कशाला. मग ह्यांनी काप करून आतलं दाखवलं — चपटी, मोठ्ठी चकती, आणि मधली पहिली खोली मात्र एवढीशी, असून नसल्यासारखी. मी म्हटलं, बरोबर आहे, देह मोठा आणि आतली जागा बारीक, आहेतच तुमच्या आई अशा! केवढे हसले होते हे. स्लाईड झाकलेली होती, नाहीतर गेलीच असती. तेव्हा माझं आणि सासूबाईंचं फारसं पटत नव्हतं. आता? आता आम्ही दोघीच आहोत घरात. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली.

आणि ही खालची माझी. खोल पाण्यातल्या गाळात सापडलेली. त्या गाळात सात-आठ होत्या, ब्रशनं उचलताना बाकीच्या फुटल्या, एक अख्खी राहिली. लहानशी, गुबगुबीत, आणि पहिली खोली बघितलीस तर — एवढी मोठी, की बाकीचं घर तिच्याभोवती नुसतं टेकलंय असं वाटतं. वरचीशी काही नातं असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आकार वेगळा, पाणी वेगळं, सगळंच वेगळं. तपासायला पाठवली, दोघा-तिघांनी बघितली, सगळे म्हणाले नवीन आहे. मी नाव दिलं. लेकीचं. शाळेतलं नाव. घरी तिला ठकी म्हणायचे सगळे. सासूबाईंनी पाडलेलं ते, ठकी. खरं नाव शाळेत हजेरीला घेतील तेवढंच. आणि मी. मी हाक मारायचे त्या नावानं, आणि ती ओ द्यायची नाही. बघायचीसुद्धा नाही. सासूबाईंनी ठकी म्हटलं की टुणकन उठायची.

रडत नाहीये मी, डोळे ताणून ताणून पाणी येतं या कामात, तुलाही येईल.

तू पाठवलेली ती चित्रफीत बघितली. किती वेळा बघितली ते विचारू नकोस. ताटलीत ती मोठी चकती, ह्यांची, सासूबाईंच्या नावाची, जिवंत. आणि मग तिच्या आतलं सगळं बाहेर यायला लागतं, थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंब आपली पहिली खोली बांधायला लागतो. मोठी खोली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाच ओळखलं गं. मला तुझे ते आकडे नि तक्ते नको होते. रोज ज्या चेहऱ्याकडे बघते तो मला ओळखू येणार नाही? ती माझी होती. म्हणजे एकीच्याच पोटची दुसरी. आणि दुसरीच्या पोटी पुन्हा पहिलीसारखी. एकच प्रजाती, एक पिढी अशी आणि एक पिढी तशी. या गोष्टीला आम्ही लोक नेहमीच फसतो, पुस्तकातही आहे, आईला एक नाव आणि लेकीला दुसरं, दोन वेगळ्या खणांत. इतरांचं झालेलं वाचलं की आम्ही हसायचो. आणि घरातच झालं.

आता नियम काय? आधीचं नाव राहतं. ह्यांनी आधी छापलं, तेव्हा त्यांचं राहणार, माझं पुसलं जाणार. नियम म्हणून योग्यच आहे, नाहीतर गोंधळ माजेल. पण तू जरा माझ्या जागी बसून बघ. माझ्या लेकीचं नाव जाणार आणि ती सासूबाईंची लेक ठरणार. माझी नाहीच. मी त्या साखळीत कुठे? मधे मी नाहीच!

आवाज चढला का माझा? चढू दे. झाकलेली आहे स्लाईड.

तुला वाटत असेल, बाई एका दाण्यासाठी एवढं का करतेय. अगं, मी जहाजावर असायचे. गाळ काढायला. त्या काळी बायकांना मुश्किलीनं घ्यायचे, एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायचे नाहीत. दोन-दोन महिने मी नसायचे. ठकीला सासूबाईंनी वाढवलं. न्हाऊ घालणं, भरवणं, दुखलं-खुपलं, सगळं. निजायची त्यांच्याच कुशीत, त्यांच्या अंगावरच्या पांघरुणात आत सरकून. मी परत आले की परक्यासारखी लाजायची. सासूबाईंना ‘आई’ म्हणायची. मला काय म्हणायची सांगू? ‘जहाजातली आई’. हसायचे सगळे. मीही हसायचे. आणि ताप आला तेव्हा — मी जहाजावर. घरून कळवलं, पण जहाज काय रिक्षा आहे वळवायला? पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला बघून म्हणाल्या, ‘तुझी वाट बघत होती गं.’ आणि मला माहीत होतं, खोटं बोलताहेत. ती माझी वाट नव्हती बघत. तिची आई तिच्याजवळच होती.

त्याच खेपेचा गाळ होता तो. सहा महिने पिशव्या तशाच पडून होत्या, मी हात लावला नाही. मग एक दिवस धुवायला घेतला, चाळला, आणि त्यात ही निघाली. मी नाव दिलं. छापून आलं. तिच्या नावापुढे माझं नाव, आणि वर्ष, असं असतं ना, नाव ठेवणाऱ्याचं नाव शेवटी लागतं. कायमचं. जगात कुणीही ते नाव लिहिलं की माझंही लिहावं लागणार. तिला माझ्यापासून कुणी वेगळं करू शकणार नाही, असं — कशाला सांगतेय मी तुला हे. तू डबी घेऊन आलीस, मी डबी भरायची, एवढंच आपलं काम.

तुझ्या यंत्रात धक्का लागत नाही, म्हणालीस. किरणांनी आतलं दिसतं, फोडावं-घासावं लागत नाही. कवचाला लागत नाही गं. माहितीये मला. पहिली खोली मोजाल, तुमच्या ताटलीतल्याशी जुळेल, आणि संपलं. अर्ज करता येतो, तेही मी बघितलंय, नवं नाव राहू द्या म्हणून. पण त्याला नाव भरपूर वापरात असावं लागतं. हे नाव कोण वापरतं? मी.

आज सकाळी सासूबाईंना दाखवली तुझी चित्रफीत. मनात काय होतं सांगू? दाखवून म्हणायचं होतं, बघा, जिंकलात. एवढं सुद्धा तुमचंच झालं. खरंच असं मनात होतं, वाईट बाई आहे मी. त्यांना दिसत नाही नीट, मोबाईल नाकाशी धरून बघितलं. ती मोठी चकती रिकामी झाली, नुसतं कवच राहिलं, आणि पिल्लं पांगली, ते बघून म्हणाल्या, ‘हिनं सगळंच देऊन टाकलं की गं.’ मी म्हटलं, हो. ती तुम्ही. आणि ती पिल्लं म्हणजे ठकी. आणि आता ठकीचं नाव जाणार, तुमचं राहणार. मला वाटलं समजलं नाही. भाजी निवडत होत्या, निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझं खोड. तिचं ठेव.’ मी म्हटलं, असं करता येत नाही, नियम आहे. तर म्हणाल्या, ‘तुझा नियम तुझ्यापाशी. मी सांगते ना, माझं नाव आहे, मी देतेय. मला काय करायचंय नाव घेऊन? तुझ्याकडे तिचं दुसरं आहे काय?’ इतकी वर्षं एका घरात राहतोय आम्ही, आणि त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. आणि मी समजत होते की मीच एकटी मनात धरून बसलेय.

चपला घातल्या आणि इथे आले. तशीच. निघताना सांगूनही आले नाही त्यांना.

तर नियमात तशी सोय नाही. तुझ्या हातात एक आहे पण. तू नवी यादी छापशील ना, वर सासूबाईंचं नाव येईल, मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या खाली जी नावं बाद झाली ती येतात, ओळ जरा आत सरकवून. बाद झालं तरी काढून टाकत नाहीत, ते खाली राहतंच, त्यांच्या नावाखाली. गाळू नकोस हं. घाईत लोक गाळतात. तेवढं नीट लिही, आणि आत सरकवून लिही. तशीच निजायची ती.

आण ती डबी. कापूस नीट बसवलायस ना? बरं. आता इकडे ये, भिंगाला डोळा लाव, नेण्याआधी तू एकदा तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी झाकण सरकवते. तू काही विचारू नकोस, मला उत्तर देता येणार नाही. बघून झालं की बंद कर, डबीत ठेव आणि जा. निघते वगैरे म्हणायचं नाही, दार हळू ओढून घे फक्त. श्वास सावकाश. सरकवते हं—